प्रशियन ब्लू: रंगाचं औषध झालं त्याची कुळकथा

जलरंगाच्या पेटीत प्रशियन ब्लूची गडद निळी ट्यूब असते. तोच पदार्थ औषधी शुद्धतेचा करून किरणोत्सारी अपघातासाठी राखून ठेवतात. (ट्यूबमधला रंग मात्र चुकूनही पोटात घेऊ नये.)

१७०६च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी किरमिजी किड्यांपासून लाल रंग करत होता. त्याला मिळालेल्या पोटॅशमध्ये जनावरांच्या रक्ताचा अंश होता, म्हणून लालऐवजी निळा रंग निघाला. लाजवर्दपेक्षा तो कितीतरी स्वस्त! बघता बघता युरोपभर पसरला, पुढे जपानमध्ये चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रातही उतरला.

त्याचा औषधी गुण कळायला १९६०चं दशक उजाडलं. किरणोत्सारी सीझियम शरीरात पोटॅशियमसारखं वागतं, स्नायूंत शिरतं. पित्तातून आतड्यात येतं आणि तिथून पुन्हा रक्तात जातं. ही फेरी प्रशियन ब्लू तोडतो. तो स्वतः जवळपास शोषला जात नाही. त्याच्या स्फटिकाच्या जाळीत सीझियम अडकतं आणि शौचावाटे निघून जातं. शौच निळं होतं, हे रुग्णाला आधीच सांगावं लागतं. एरवी सीझियम निम्मं व्हायला सुमारे ११० दिवस लागतात, या औषधाने सुमारे ३०.

मोठी कसोटी लागली ती सप्टेंबर १९८७मध्ये, ब्राझीलच्या गोइयानिया शहरात. तिथल्या सोडून दिलेल्या दवाखान्यातलं कॅन्सरवरच्या उपचारांचं यंत्र भंगारात गेलं. आतली किरणोत्सारी सीझियमची भुकटी अंधारात निळसर चमकायची. लोकांनी ती कौतुकाने घरोघरी नेली, अंगाला फासली. स्टेडियममध्ये सुमारे १,१२,००० लोक तपासले गेले, २४९ जणांवर किरणोत्सारी अंश सापडला. चौघं दगावली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. ४६ जणांना प्रशियन ब्लू दिला गेला.

इथे अणुभट्टीचा काही संबंध नव्हता. म्हणून अणुवीज नसलेल्या देशालाही या औषधाचा साठा हवाच, असं मला ठामपणे वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये सुधारलेल्या, किरणोत्सारी आपत्तीसाठी साठवायच्या औषधांच्या यादीतही प्रशियन ब्लू आहे. रोजचं गिऱ्हाईक नसलेलं औषध कुठला केमिस्ट ठेवणार? ते सरकारनेच आधी घेऊन ठेवायचं, मुदत संपली की बदलायचं. अमेरिकेत २००३मध्ये मंजूर झालेली कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची आहे. मोठ्या माणसाला दिवसातून तीनदा सहा-सहा, किमान ३० दिवस. म्हणजे एकेकाला ५४० कॅप्सूल. गोइयानियाइतके ४६ रुग्ण धरले, तर जवळपास २५ हजार.