गोटूल आणि आमची शाळा

कॅनडांतील मूळनिवासी मुलांना गेल्या शतकांत घरापासून दूर नेऊन वसतिशाळांत ठेवीत आणि तेथें मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होई. त्या समाजांतील तरुण आज आजी-आजोबांच्या गोष्टी हलत्या चित्रांच्या छोट्या बोलपटांत उतरवीत आहेत. त्या देशाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळानेंही त्यास हातभार लाविला आहे. हिरावलेली वाणी परत मिळाल्याविना दुखावलेलें मन बरें होत नाहीं, हाच या खटाटोपाचा अर्थ. ही हकीकत ऐकून हळहळणाऱ्या मराठी वाचकानें एकदां आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्याकडे पाहावें.

तेथील माडियांचें गोटूल ही तरुणांची शाळाच होय. सायंकाळीं अविवाहित मुलें-मुली तेथें जमत, ढोलाच्या तालावर नाचत, कुळांच्या कथा ऐकत आणि जंगलाचें ज्ञान मिळवीत. १९४७ सालीं व्हेरियर एल्विन यांचा बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावरील ग्रंथ निघाला. पण आम्हां सुशिक्षितांस गोटूल म्हटलें कीं स्वैराचार तेवढा आठवतो. डोंगरी माडियांत तर मुली निजावयास घरीं जात, हें कोणाच्या ध्यानांतही नसतें. इंग्रजांशीं लढून २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशी गेलेले बाबूराव शेडमाके याच भूमीचे पुत्र. त्यांची कथा तरी आम्हीं आमच्या मुलांस कितीशी सांगितली?

पुढें सरकारी शाळा आली, ती मराठींत. हेतु वाईट नव्हता. परंतु घरीं माडिया बोलणारें सहा वर्षांचें पोर मराठी पुस्तकापुढें मुकें बसलें आणि आम्हीं त्यास मंद ठरविलें. २०११ च्या शिरगणतींत गोंडी बोलणारे सुमारें तीस लाख भरले. तरीही राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत त्या भाषेस स्थान नाहीं. २०१९ मध्यें धानोरा तालुक्यांतील मोहगांव येथें ग्रामसभांनीं स्वतःच गोंडी शाळा काढली व तिच्या नांवांत 'गोटूल' हा शब्द आवर्जून ठेविला. २०२२ मध्यें तिला परवानगी नसल्याबद्दल शिक्षणखात्याची नोटीस आली.

कायद्याची बाजू न्यायालय पाहील. पण ज्या मराठीच्या मानासाठीं आम्ही इंग्रजीशीं पिढ्यान् पिढ्या भांडलों, त्याच मराठीच्या नांवानें दुसऱ्याची मायबोली मुकी व्हावी, हें आम्हांस शोभत नाहीं. त्या मुलांची गोष्ट आधीं त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच भाषेंत ऐकूं या. तिचीं चित्रें मग तीं स्वतःच काढतील.