चिवडा, जिलबी आणि सुप्रीम कोर्ट

आमच्या बेलापुरात लोकल आली १९९३ साली. त्याआधी सिनेमाला जायचं म्हणजे बसने खाडी ओलांडून चेंबूर गाठायचं. प्रवास म्हटला की डबा आलाच! आमची ही चिवड्याचा डबा पिशवीत टाकायची. डोअरकीपर तिकीट फाडायचा, पिशवीकडे ढुंकूनही पाहायचा नाही. नायिका रडायला लागली की डबा उघडायचा. कुरकुर त्या हुंदक्यांत खपून जायची.

पुढे मल्टिप्लेक्स आली नि आमचा डबा गुन्हेगार ठरला. २०१८ च्या जुलैत नागपूर अधिवेशनात मंत्र्यांनी बाहेरचं खाणं नेता येईल असं सांगितलं, तेव्हा हिने हरखून किलोभर पोहे भाजले. ते दारातच अडले. ऑगस्टात तर सरकारनेच हायकोर्टात सुरक्षेची अडचण सांगितली. (चिवड्यापासून!)

शेवटी ३ जानेवारी २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला: खाणं अडवायचा हक्क थिएटरवाल्यांना आहे, पाणी मात्र फुकट द्यावं, तान्ह्या बाळाचं खाणं नेऊ द्यावं. जिलबी खाऊन कुणी खुर्चीला बोटं पुसली तर काय, असं सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी विचारलं होतं.

मी हे हिला वाचून दाखवलं.

"चिवड्याने बोटं चिकट होत नाहीत," ती म्हणाली. "आणि बाळाचं चालतं ना? तुम्हाला तरी आता दात कुठे राहिलेत?"

पुढच्या रविवारी पिशवीत थर्मास होता. आत नाचणीसत्त्व.