आपल्याच गावात फोटोचे विषय कसे शोधायचे? टिटवाळ्याच्या निमित्ताने

कॅमेऱ्याने टिपलेले आणि आजवर टिकून राहिलेले जगातील सर्वांत जुने छायाचित्र ना राजवाड्याचे आहे, ना हिमशिखराचे. फ्रान्समधील निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास ते आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून टिपले. त्यात दिसतात ती शेजारची छपरे, कबुतरांसाठी बांधलेला मनोरा आणि एक झाड. प्रकाश उमटायला इतके तास लागले की सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला आणि इमारतींच्या दोन्ही बाजू उजळलेल्या दिसतात. म्हणजे छायाचित्रणाची सुरुवातच मुळी घरच्या अंगणापासून झाली. आज मात्र हातात चांगला मोबाइल किंवा कॅमेरा आला की पहिला प्रश्न पडतो, "फोटो काढायला कुठे जायचे?" लडाख, वाराणसी, निदान माळशेज घाट तरी. आपल्या गल्लीत काढण्यासारखे आहेच काय?

हा प्रश्न टिटवाळ्यासारख्या गावात राहणाऱ्यांना जास्तच पडतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६४ किलोमीटरवर, कल्याण-कसारा मार्गावर आंबिवली आणि खडवलीच्या मध्ये हे स्टेशन आहे. मांडा-टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत येते, पण स्टेशनपासून थोडे दूर गेले की अजून भातखाचरे लागतात. बाहेरच्यांसाठी टिटवाळा म्हणजे महागणपती. कण्व ऋषींचा आश्रम येथे होता आणि शकुंतलेने येथे गणेशाची आराधना केली अशी आख्यायिका आहे. मंदिराचा संबंध थोरल्या माधवराव पेशव्यांशी जोडला जातो. त्यामुळे टिटवाळ्याचे फोटो म्हणजे मंदिराचा कळस, तळे आणि अंगारकीची रांग एवढेच, असे ठरून गेले आहे. येथे राहणारा माणूस दिवसभरात जे शंभर देखावे पाहतो, त्यांचे फोटो जवळजवळ कोणी काढत नाही.

ओळखीचे दिसेनासे का होते?

याचे कारण आळस नाही. रोज दिसणाऱ्या, धोका किंवा फायदा नसलेल्या गोष्टींकडे लक्ष न देणे हा मेंदूचा स्वभावच आहे. घड्याळाची टिकटिक थोड्या वेळाने ऐकू येत नाही, तसेच हे. तिकीट खिडकीपासून जिन्यापर्यंत तुम्ही हजारदा गेला असाल, पण जिन्याच्या भिंतीचा रंग कोणता, असे कोणी विचारले तर अडखळाल. नव्या गावात सगळेच नवे असल्याने डोळे आपोआप उघडे राहतात. म्हणून प्रवासातले फोटो सहज सुचतात, पण बहुतेक वेळा ते सगळ्यांसारखेच येतात, कारण सगळेच पहिल्यांदा पाहत असतात.

आपल्या गावात मात्र दुसरी, तिसरी, पन्नासावी नजर मिळू शकते. जगातील काही फार मोठ्या छायाचित्रकारांनी याच जोरावर काम केले. प्रागमधील योसेफ सुदेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. १९४० ते १९५४ या काळात त्यांनी आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढले. कधी काचेवरचे दव, कधी बाहेरचे वाकडे झाड, कधी नुसती वाफ. न्यूयॉर्कचे सॉल लायटर १९५२ पासून २०१३ मध्ये मृत्यू होईपर्यंत शहराच्या एकाच भागात राहिले आणि तिथलेच रस्ते टिपत राहिले. ओल्या काचा, छत्र्या, धुके हे त्यांचे विषय. त्यांचे रंगीत काम पुस्तकरूपाने लोकांसमोर यायला २००६ साल उजाडले. आपल्याकडे सिंधुदुर्गातील कणकवलीचे इंद्रजित खांबे कोकणातले रोजचे जगणे आणि दशावतारी कलावंत टिपत आले आहेत. त्यांना विषयासाठी दूर जावे लागले नाही. उलट जवळ असल्यामुळेच ते रंगपटापर्यंत पोहोचू शकले.

विषयाआधी उजेड शोधा

नवशिके लोक "काय" काढायचे ते शोधतात. त्याऐवजी "कधी" हे आधी ठरवले तर निम्मे काम होते. गल्ली तीच असते, पण उजेड बदलतो.

टिटवाळा साधारण १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनच्या अखेरीस सूर्य नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तेवढाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात उगवतीची जागा जवळपास ५० अंशांनी सरकते. त्यामुळे तुमच्या चाळीच्या किंवा इमारतीच्या ज्या बोळात जूनमध्ये सकाळचे ऊन थेट शिरते, तिथे जानेवारीत फक्त सावली असू शकते. एखादी भिंत वर्षातून काही आठवडेच सकाळी सोनेरी होते. ती कोणती, हे तिथे राहणाऱ्यालाच कळणार. बाहेरून एका दिवसासाठी आलेल्या माणसाला हे कधीच सापडणार नाही.

मेच्या १६-१७ तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या किंचित नंतर सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. विजेचा खांब, सायकल, पिंप, कशालाच बाजूला सावली पडत नाही आणि ओळखीचा रस्ता काहीतरी विसरल्यासारखा दिसतो. जुलैच्या अखेरीस हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. "दुपारी फोटो काढू नयेत" हा नियम त्या दिवशी खुशाल मोडावा.

एरवीही दुपार अगदीच वाया जात नाही. बाजारात टपऱ्यांवर आणि भाजीच्या पाट्यांवर निळी, पिवळी, केशरी ताडपत्री ताणलेली असते. कडक उन्हात तिच्यातून झिरपणारा उजेड माणसाचा चेहरा, टोमॅटो, तराजू सगळ्यांना एकाच रंगात बुडवतो. मोबाइल हा रंग चूक समजून आपोआप पुसायला जातो. कॅमेऱ्याच्या प्रो किंवा मॅन्युअल भागात व्हाइट बॅलन्स उन्हासाठीच्या चिन्हावर ठेवला की तो टिकतो. आणि स्क्रीनवर उजळ जागी बोट दाबून धरून उजेडाचे प्रमाण थोडे खाली ओढले की सावल्या गडद राहतात. या दोन गोष्टी जमल्या तर महागड्या लेन्सची चिंता काही वर्षे पुढे ढकलता येते.

पावसाचेही एक साधे गणित आहे. थेंब दिसायचे असतील तर उजेड थेंबांच्या मागून यायला हवा आणि मागची बाजू काळोखी हवी. संध्याकाळी रिक्षाच्या दिव्यांकडे तोंड करून उभे राहिलात तर सर दिसेल, पाठ करून राहिलात तर नुसता ओला रस्ता. फ्लॅश बंदच ठेवावा. एसी लोकलमधून फलाटावर उतरल्या उतरल्या लेन्सवर बाष्प धरते, ते पुसायची घाई न करता एखादा फोटो तसाच काढून पाहावा. कधीकधी तोच बरा येतो.

एक जागा, एक अट

विषय सुचत नाहीत तेव्हा मोकळीक वाढवून उपयोग होत नाही, ती कमी करावी लागते. एखादी अट घालून घ्यावी. महिनाभर फक्त स्टेशन ते घर या वाटेवरचेच फोटो काढायचे. किंवा फक्त हात, म्हणजे दुर्वांची जुडी बांधणारे, जास्वंदीचे हार ओवणारे, वडे तळणारे, लोकलची कडी धरलेले. किंवा महिनाभर झूम वापरायचा नाही, जवळचे हवे असेल तर पायांनी जवळ जायचे. अट जितकी किरकोळ वाटेल, तितकी नजर बारीक होते. पहिल्या आठवड्यात सुचेल ते संपते, दुसऱ्यात कंटाळा येतो आणि बहुधा त्यानंतरच पाहण्यासारखे काहीतरी हाती लागते. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात सोडून देऊ नये.

टिटवाळ्यात मंदिरही टाळण्याचे कारण नाही. फक्त कळसाकडे पाठ करून उभे राहून पाहावे. अंगारकीच्या आदल्या रात्री नारळाच्या गोणी उतरतात, दुकानांच्या फळ्या उघडतात, रांगेचे बांबू बांधले जातात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चपलांचे ढीग, फुलांचा खच आणि झाडणारी माणसे असतात. यात्रेकरू दर्शन घेऊन जातो, पण ही आधीची आणि नंतरची वेळ गावकऱ्याच्याच वाट्याला येते. मंदिराच्या आत फोटोबाबत ज्या सूचना लावलेल्या असतील त्या पाळाव्यात.

दुसरी जागा काळू नदी. उन्हाळ्यात खडक उघडे पडतात, पावसाळ्यात तेच पात्र ओळखू येत नाही. एकाच ठिकाणी उभे राहून, त्याच उंचीवरून, दर महिन्याला एक फोटो काढला तर वर्षाला बारा फोटोंची मालिका तयार होते. मागच्या महिन्याचा फोटो मोबाइलवर उघडून त्यातील खांब किंवा झाड जुळवून घ्यावे म्हणजे चौकट हलत नाही. अतिवृष्टीत मात्र रुंद्याच्या बाजूचा पूल पाण्याखाली जातो. त्या दिवशीचा फोटो लांबून, उंचावरूनच काढावा. बारापैकी एक फोटो चुकला तरी मालिका बिघडत नाही.

माणसांचे फोटो

खरी अडचण येथे येते. अनोळखी शहरात आपण पर्यटक असतो, फोटो काढून निघून जातो. आपल्या गावात उद्या सकाळी त्याच भाजीवालीसमोर उभे राहायचे असते. अनेकांना ही लाज आड येते. माझ्या मते ही लाज चांगली आहे, ती घालवू नये, तिचा उपयोग करून घ्यावा.

पावसाळ्यात या मार्गावरच्या स्टेशनांबाहेर आदिवासी बायका टाकळा, शेवळे, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या घेऊन बसतात. मेमध्ये पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे असतात. रंगांमुळे मोह होतो आणि लोक चालता चालता क्लिक करून जातात. त्यापेक्षा आधी भाजी घ्यावी, कशी शिजवायची ते विचारावे, आणि मग "मावशी, एक फोटो काढू का?" म्हणावे. नको म्हटले तर नको. हो म्हटले तर पुढच्या खेपेला त्या फोटोची छापील प्रत नेऊन द्यावी. काही रुपयांत प्रत निघते आणि त्यानंतर तुम्ही तिथे "फोटोवाले" म्हणून ओळखीचे होता. मग कोणी कॅमेऱ्याकडे पाहून सावरून बसत नाही. बाहेरच्या छायाचित्रकाराला ही गोष्ट कितीही पैसे खर्चून मिळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय फोटो काढूही नये आणि समाजमाध्यमांवर टाकूही नये.

पहाटेच्या लोकलची गर्दी हा टिटवाळ्याचा रोजचा महोत्सवच. फलाटावर थांबून काढलेले फोटो चांगले येतात, डब्याच्या दारात लटकून काढलेले नाही. रुळांवर उतरणे तर कायद्याने गुन्हा आहे. महिलांच्या डब्याकडे कॅमेरा रोखून उभे राहू नये, हे सांगायला लागू नये, तरी सांगावे लागते.

हे आत्ताच का?

कारण गाव बदलते आहे, आणि फार वेगाने. स्टेशनबाहेर एकेकाळी टांगे असायचे. आज शाळेत जाणाऱ्या मुलाला ते सांगून समजत नाही. कौलारू घराच्या जागी सात मजली इमारत उभी राहिली की वर्षभरात तिथे आधी काय होते हे शेजाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. मंदिराचे फोटो हजारो आहेत, त्यामुळे मंदिर विसरले जाणार नाही. पण ज्या बैठ्या चाळीच्या पडवीत तुमची आजी तांदूळ निवडत बसायची, तिचा फोटो तुमच्याशिवाय कोणाकडे असणार? मुंबईच्या छायाचित्रकार अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला इंडियन मेमरी प्रोजेक्ट साध्या घरगुती फोटोंतून आणि त्यामागच्या हकिकतींतून देशाचा इतिहास जुळवतो. तो शक्य झाला, कारण कोणीतरी ते फोटो काढून जपले होते आणि त्यातले कोण, कुठले, हे सांगणारे कोणीतरी उरले होते.

म्हणून सुंदर दृश्यांबरोबर "कंटाळवाणे" फोटोही काढावेत. दुकानाची पाटी, भाववाढीचा फलक, विहिरीचा कठडा, बसथांबा, पाडायला काढलेले घर. हे फोटो आज कोणाला आवडणार नाहीत. पंधरा वर्षांनी मात्र लोक तेच मोठे करून बघतील.

आणि ते सापडायला हवेत. मोबाइल तारीख आणि वेळ फोटोत नोंदवतो, पण व्हॉट्सॅपवरून साधा फोटो पाठवला की ही माहिती बहुधा गळून पडते आणि फोटोचा दर्जाही घटतो. मूळ फोटो दर महिन्याला संगणकावर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावेत, शक्यतो दोन ठिकाणी. फोल्डरला "२०२५-०७ काळू नदी" असे वर्ष आणि महिना आधी येईल असे नाव द्यावे, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. निवडक दहा-बारा फोटोंच्या प्रती काढाव्यात आणि मागे पेन्सिलीने जागा, तारीख व माणसांची नावे लिहावीत. पेनची शाई दमट हवेत पसरते आणि पुढच्या फोटोला डाग पडतात.