मायकेल बलाक : 'दुसऱ्या नंबरचा' शिक्का बसलेला जर्मन मिडफिल्डर

जर्मनीचा माजी कर्णधार मायकेल बलाक याचा जन्म २६ सप्टेंबर १९७६ रोजी तेव्हाच्या पूर्व जर्मनीतील, पोलंडच्या हद्दीला लागून असलेल्या गोर्लिट्स शहरात झाला. केम्निट्स इथल्या क्लबमधून त्याने व्यावसायिक खेळाला सुरुवात केली. १९९७ मध्ये तो कायझर्सलाउटर्नला गेला. खालच्या डिव्हिजनमधून नुकत्याच वर आलेल्या या क्लबने त्याच मोसमात थेट बुंडेसलिगा जिंकली. सहा फुटांवर उंची, दोन्ही पायांनी जोरदार फटका आणि कॉर्नरवर हमखास हेडर, ही त्याची ओळख.

नशिबाचा फेरा सुरू झाला तो बायर लेव्हरकुसेनमध्ये. २००० साली विजेतेपदासाठी शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरेशी होती. उंटरहाखिंगविरुद्ध बलाकच्याच पायाला लागून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला, संघ ०-२ असा हरला आणि गोलफरकावर बायर्न म्युनिक चॅम्पियन झालं. २००२ मध्ये तर लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्हीकडे लेव्हरकुसेन उपविजेता.

त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपमधील सेमीफायनल आजही सांगितली जाते. सोलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध ०-० असताना ७१व्या मिनिटाला कोरियाचा हल्ला रोखण्यासाठी बलाकने फाउल केला. आधीचं एक पिवळं कार्ड नावावर असल्यामुळे दुसऱ्या कार्डाने त्याची फायनल तिथेच गेली. चारच मिनिटांनी सामन्यातला एकमेव गोल त्यानेच मारला. फायनलमध्ये ब्राझीलने जर्मनीला २-० ने हरवलं, तेव्हा तो मैदानाबाहेर होता.

२००८ मध्ये पुन्हा तेच. चेल्सीकडून चॅम्पियन्स लीगची फायनल मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पेनल्टी शूटआउटवर गेली, पुढच्याच महिन्यात कर्णधार म्हणून युरो कपची फायनल स्पेनविरुद्ध ०-१ अशी.

मात्र खात्यावर जमा काय ते बघितलं तर हा शिक्का अन्यायाचा वाटतो. बुंडेसलिगा ४ वेळा (त्यातल्या ३ बायर्नकडून), जर्मन कप ३, एफए कप ३, प्रीमियर लीग १. जर्मनीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ३ वेळा. देशासाठी ९८ सामन्यांत ४२ गोल, हा आकडा मिडफिल्डरचा आहे, स्ट्रायकरचा नव्हे.

मे २०१० मध्ये एफए कप फायनलमध्ये पोर्ट्समथच्या केव्हिन-प्रिन्स बोआटेंगने केलेल्या टॅकलमुळे बलाकचा घोटा दुखावला आणि वर्ल्ड कप हुकला. फिलिप लामकडे कर्णधारपद गेलं, तरुण संघ तिसरा आला आणि बलाकची जागा परत मिळालीच नाही. २०११ मध्ये प्रशिक्षक योआखिम लोव्ह यांच्या संघाची दारं बंद झाली. निरोप म्हणून ब्राझीलविरुद्धचा मैत्रीपूर्ण सामना देऊ केला गेला, पण आधीच ठरलेल्या सामन्याला निरोपाचं नाव देणं त्याला पटलं नाही. त्याने नकार दिला. ९९वा सामना झालाच नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली आणि निरोपाचा सामना जून २०१३ मध्ये लाइपझिगला, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीतच झाला.