जालन्याचें पाणी आणि खडकांतली वाट

जालना म्हटलें कीं आपणांस सरकी, बियाणें आणि लोखंडी सळ्या आठवतात. या गांवाचा इतिहास मात्र पाण्याच्या मार्गानें वाचावा लागतो. कुंडलिकेच्या एका तीरास जुना जालना, दुसऱ्या तीरास कादराबाद, म्हणजे आजच्या नवीन जालन्याचा जुना भाग. जमशेदखान नांवाच्या अंमलदारानें येथें मोती तलाव बांधिला आणि जमिनीखालील नळांनीं त्याचें पाणी गांवांतल्या हौदांत खेळविलें. पुढें 1725 मध्यें काबिलखानानें बांधिलेल्या गढींतही विहिरीची तरतूद होती. नळ फुटले, हौद कोरडे पडले. तरी फुटलेला नळ निदान उकरून पाहतां येई.

निझामी अमदानींतील घाणेवाडीच्या तलावाचें पाणी तर केवळ उताराच्या जोरावर शहरास येई. 2012-13 च्या दुष्काळांत तो आटला. लोकांनीं गाळ उपसला, आणि घरोघर भिस्त टँकरवर व कूपनलिकांवर आली. आपल्या काळ्या खडकांत पाणी भेगांतून हिंडतें. त्याच भेगांतून कारखान्याचें सांडलेलें द्रव्यही खालीं उतरूं शकतें, हें आपण सहसा मनांत आणीत नाहीं.

धातूवरील तेलकटपणा काढण्यास वापरलेलें ट्रायक्लोरोएथिलीन हें त्यांतलें ठळक उदाहरण. तें पाण्याहून सुमारें दीडपट जड. म्हणून तळाशीं बसतें आणि वर्षानुवर्षें थोडथोडें विरघळत राहतें. पाणी दिसावयास निर्मळच! अमेरिकेंत पिण्याच्या पाण्याच्या एका लिटरांत याची मर्यादा एका ग्रॅमच्या दशलक्षांश भागाच्या केवळ पांचपट ठेविली आहे. यानें मनुष्यास कर्करोग होतो, असा निर्वाळा तज्ज्ञांनीं दिलेला आहे. जालन्याच्या विहिरींत तें आहे असें माझें म्हणणें नव्हे. पण नुसत्या डोळ्यांनीं तें नाहीं असेंही कोणास सांगतां येणार नाहीं.

भोपाळचें उदाहरण आपल्या शेजारचें. 1984 च्या वायुकांडाची वार्ता जगभर गेली. त्याच कारखान्याच्या आवारांत पुरलेल्या आणि तळ्यांत सोडलेल्या टाकाऊ द्रव्यांची गोष्ट मागें राहिली. पुढें भोंवतालच्या वस्त्यांच्या भूजलांत क्लोरीनयुक्त द्रावकें सांपडलीं. हातपंपांस लाल रंग देऊन हें पाणी पिऊं नये असें बजावण्यांत आलें. सर्वोच्च न्यायालयानें 2004 मध्यें शुद्ध पाणी पुरविण्याचा हुकूम दिला. तें पाणी दारीं येईपर्यंत अनेक बाया त्याच लाल पंपांवर हंडे भरीत होत्या.