गंज पुसण्याआधी

गणपती गेले की नवरात्र येते आणि नवरात्रात खंडेनवमी. इंदूरच्या आपल्या जुन्या मराठी घरांतून त्या दिवशी माळ्यावरची, ट्रंकेतली शस्त्रे बाहेर निघतात. आमच्याकडे पणजोबांची एक तलवार आहे. मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना, वर्कशॉपमध्ये नुकताच हात बसलेल्या उत्साहात, मी ती पॉलिश पेपरने घासून आरशासारखी लखलखीत केली. सगळ्यांनी कौतुक केले. आत्याने मात्र पाते हातात घेऊन एवढेच विचारले, "मुठीजवळची अक्षरं कुठं गेली रे?" तिथे कोणाचे तरी नाव आणि साल होते, इतकेच तिला आठवत होते. ते नाव आज घरात कोणालाही सांगता येत नाही.

ही गोष्ट पुन्हा टोचली ती अमेरिकेतल्या एका जुन्या रायफलीची हकिगत वाचताना.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नेवाडा राज्यातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्व विभागाच्या कर्मचाऱ्यांना जुनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली एक रायफल दिसली. ठेवणारा ती न्यायला परत आलाच नव्हता. उन्हापावसाने लाकडी दस्ता करडा पडून चिरला होता, त्याचे टोक काही इंच मातीत गेले होते आणि नळी गंजून तपकिरी झाली होती. रंग असा, की झाड कुठले आणि बंदूक कुठली, ते पटकन कळू नये.

ती विंचेस्टर कंपनीची १८७३ च्या मॉडेलची लिव्हर अ‍ॅक्शन रायफल होती. या जातीत चापाभोवतीची कडी खाली ओढून परत वर घेतली, की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नळीखालच्या मॅगझिनमधले नवे वर चढते. प्रत्येक गोळीमागे हाताने काडतूस भरावे लागत नाही. म्हणूनच ती अमेरिकेच्या पश्चिम भागात घरोघरी पोचली.

अशी वस्तू हाती आली, की जाणकार दोन प्रश्न वेगवेगळे ठेवतात. ती किती दुर्मीळ आहे, आणि ती कोणत्या स्थितीत आहे?

दुर्मीळतेचे उत्तर नोंदवहीत सापडते. हे मॉडेल सुमारे पन्नास वर्षे निघाले आणि एकूण सुमारे ७ लाख २० हजार नग बनले. सुरुवातीला ५० डॉलरला मिळणारी ही रायफल १८८२ पर्यंत २५ डॉलरवर आली होती. म्हणजे जुनी असली तरी ती दुर्मीळ नव्हे. याच मॉडेलमध्ये अतिशय अचूक ठरलेल्या नळ्या निवडून 'हजारात एक' असे कोरलेल्या खास रायफली मात्र सव्वाशे-दीडशेच्या आतच निघाल्या. त्यांना मोठी किंमत येते, आणि म्हणूनच कोरीव अक्षरे मागाहून घालून फसवणूकही होते. खरे-खोटे ठरते ते क्रमांक आणि कारखान्याची नोंद जुळवून.

स्थितीचे उत्तर वस्तूच्या अंगावर असते. मूळचा निळसर मुलामा किती उरला आहे, स्क्रूच्या खाचा सरळ आहेत की पान्या-पेचकसने खाल्लेल्या, छापलेल्या अक्षरांच्या कडा तीक्ष्ण आहेत की घासून बोथट झाल्या आहेत, दस्ता मूळचा की बदललेला, नळीच्या आतले पीळदार खाचे शाबूत आहेत का, हे पाहतात. संग्राहकाला नव्याने चकचकीत केलेल्या रायफलीपेक्षा जुनी, डागाळलेली पण कोणी हात न लावलेली रायफल जास्त मोलाची वाटते. मुलामा एकदा घासून काढला, की तो मूळचा म्हणून परत येत नाही.

नेवाडातली रायफल वायोमिंग राज्यातल्या कोडी येथील शस्त्रसंग्रहालयात नेली गेली. क्रमांकावरून ती १८८२ ची ठरली. ती कोणी घेतली, याची मात्र नोंद नव्हती. दवाखान्याच्या यंत्रावर तिचा एक्स-रे काढला. ती भरलेली नव्हती, पण दस्त्यातल्या पोकळीत एक काडतूस निघाले, १८८७ ते १९११ या काळातल्या बनावटीचे. त्यावरून रायफल झाडापाशी १८८७ च्या आधी ठेवलेली नाही, एवढे नक्की झाले. माझ्यासारख्याने आधी दस्ता बदलला असता, तर हा पुरावाही गेला असता.

संग्रहालयाने तिला नवी केली नाही. सुटणारे लाकूड चिकटद्रव्याने धरून ठेवले, झीज थांबवली आणि रंग तसाच राहू दिला. आज ती उद्यानातच पाहायला मिळते. बाजारात तिच्याहून देखण्या हजारो मिळतील, पण झाडापाशी कोणी तरी ठेवून गेलेली ही एकच आहे.

आपल्या घरातल्या बहुतेक तलवारी, कट्यारी, अडकित्ते, समया दुर्मीळ नाहीत. पण त्या आपल्या माणसांच्या हातांतून आल्या आहेत, आणि तेवढेच त्यांचे वेगळेपण आहे. तेव्हा या खंडेनवमीला पॉलिश पेपर, चिंच, राखुंडी बाजूला राहू द्या. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा. अक्षरे, शिक्के, खुणा यांचे उजेडात फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कोणाची, कुठून आली, ते वहीत लिहून ठेवा. मग हळदीकुंकू वाहा.

आमची आत्या आता नाही. तलवार अजून लखलखते आहे.