समुद्रतळाशी सापडलेला लॉग

२ जुलै १९६७. अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. सोव्हिएत युनियन चोरून अणुचाचण्या करतंय का, यावर पाळत ठेवायला ते सोडले होते. पण ही खूण अणुस्फोटाची नव्हती. १९७३ मध्ये रे क्लेबेसाडेल आणि सहकाऱ्यांनी अशा १६ झोतांची माहिती जाहीर केली. ते पृथ्वीवरून आले नव्हते, सूर्याकडूनही नाही.

असा झोत आपल्याच आकाशगंगेतून, नेमका आपल्यावर आला तर? २००४ मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या एड्रियन मेलॉट यांच्या गटाने सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या ऑर्डोव्हिशियन महाविनाशाकडे बोट दाखवलं. तेव्हा समुद्रातल्या सुमारे ८५ टक्के प्रजाती संपल्या. त्यांचं म्हणणं असं: काही सेकंदांचा झोत हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू फोडतो. त्यातून बनलेली नायट्रोजनची ऑक्साइडं ओझोन खातात. मग पुढची काही वर्षं आपल्याच सूर्याचे अतिनील किरण पृष्ठभागाजवळचे जीव मारत राहतात.

कॉलेजात हे वाचलं तेव्हा मला लगेच पटलं होतं. आता सर्व्हर का पडला हे शोधणं माझी नोकरी आहे. गोष्ट जुळणं वेगळं आणि लॉग सापडणं वेगळं, हे तिथे शिकलो. त्याच काळात हिमयुगही आलं होतं, समुद्राची पातळी उतरून उथळ समुद्र आटले होते. म्हणजे दुसरा संशयित हजर आहे. आणि गॅमा किरण स्वतःचं कुठलंही द्रव्य मागे ठेवत नाहीत.

जवळचा सुपरनोव्हा मात्र ठेवतो. १९९९ मध्ये म्युनिकच्या शास्त्रज्ञांना पॅसिफिकच्या तळावरच्या खनिज कवचात लोह-६० सापडलं. त्याचं अर्धायुष्य सुमारे २६ लाख वर्षं. पृथ्वी जन्मली तेव्हाचं कधीच संपलेलं. म्हणजे हे नंतर बाहेरून आलं, पुढच्या मोजमापांनुसार मुख्यतः २० ते ३० लाख वर्षांपूर्वी. पण तेव्हा ऑर्डोव्हिशियनसारखा महाविनाश झालाच नाही. तारा बहुधा शंभराहून अधिक प्रकाशवर्षं दूर फुटला होता.

थोडक्यात, प्रेतं आहेत तिथे लॉग नाही. लॉग आहे तिथे प्रेतं नाहीत.

२०२० मध्ये ब्रायन फील्ड्स यांच्या गटाने एक वाट सुचवली: सुमारे ३५.९ कोटी वर्षांपूर्वीच्या, डेव्होनियन अखेरच्या खडकांत प्लुटोनियम-२४४ शोधा. त्याचं अर्धायुष्य सुमारे ८ कोटी वर्षं, त्यामुळे थोडं उरलेलं असू शकतं. ते सापडेपर्यंत माझ्या लेखी हे तिकीट ओपनच.